त्या साली काय काय वाचलं

आत्या पीठ मळत होती. मळता मळता तिचा हात थांबला. पिठाच्या हातानंच तिनं लुगड्यावरून जांघ चाचपली, पुन्हा चाचपली, आणि परातीकडं बघत म्हणाली, "उठली."

"काय उठली?"

"गाठ उठली. मी काय वाचत न्हाय आता, तान्ये. तू तरी वाच."

मी बारा वर्षांची होते. मला वाटलं, वाचायला सांगितलं. मी उठले, हात धुतले, पाटावरचं पुस्तक उचललं, मोरपीस घातलं होतं ते पान काढलं आणि झोपडीच्या दाराशी उजेडाला बसून मोठ्यानं वाचायला लागले. आत्यानं परात बाजूला सारली आणि तशीच घोंगड्यावर आडवी झाली. ऊन चांगलं वर आलं होतं. आबा सकाळीच गावात गेले होते. गावात जायची बंदी होती, तरी गेले होते. का गेले ते पुढं येईल.

हे ऐकून माझी नातसून हसते. म्हणते, आजी, एवढी गाठ उठलेली आणि तुम्ही कादंबरी वाचत बसलात? बसले. तिला हसायला काय जातंय. आमच्या घरात वाचणं म्हणजे काय होतं, ते तिला ठाऊक नाही.

आम्ही जिनगर. आमच्या आज्यानं घोड्यांची खोगिरं शिवली, आबांनी पुस्तकं शिवली. आबा म्हणायचे, दोन्ही एकच, दुसऱ्याच्या बुडाखाली नाहीतर दुसऱ्याच्या हातात जायचं. घरात दिवसभर दोनच आवाज. दाभण पुठ्ठ्यातनं आरपार जाताना होणारा बारीक कर्र, आणि पुस्तकाची पाठ गोल करायला आबा लाकडी हातोडा हळूहळू मारायचे तो ठक ठक. वास एकच, खळीचा. मैद्याची खळ शिजवून तिच्यात मोरचूद घालायची, म्हणजे कीड लागत नाही. त्याच चुलीवर नंतर आत्या हुलग्याचं माडगं शिजवायची. कधी भांड्यांची अदलाबदल झाली की माडग्याला निळसर झाक यायची आणि आम्ही ते मुकाट ओतून द्यायचो. आई मी तीन वर्षांची असताना गेली. मला वाढवलं ते गोदूआत्यानं. ती आबांची थोरली बहीण. नवऱ्यानं टाकलेली, अंगानं आडवी, आवाजानं त्याहून आडवी.

आबांना वाचता येत नव्हतं, आणि सगळ्या पेठेची पुस्तकं त्यांच्या हातची. पुस्तक छापखान्यातनं येतं ते फर्म्यानं. फर्मा म्हणजे एक मोठा कागद दुमडून झालेली सोळा पानं. प्रत्येक फर्म्याच्या पायाशी आकडा असतो. आबांना आकडे येत. एकावर दोन, दोनावर तीन लावायचे आणि शिवायचं. आतली बाई रडली काय, हसली काय, त्यांना पत्ता नसे. मी मुलींच्या शाळेत चार यत्ता शिकले. पुढं आत्या म्हणाली, "लई झालं. आता ही काय मामलेदारीण व्हणार हाय?" आणि मला खळ ढवळायला बसवली. पण वाचायची खोड जात नाही. बांधायला आलेलं पुस्तक बांधून होईपर्यंत मी वाचून टाकायची. माझ्या सगळ्या आवडत्या पुस्तकांचे मालक दुसरे होते.

हे लिहायचं कारण सांगते. आमच्या गल्लीतल्या वाचनालयातली पोरगी परवा एक कागद घेऊन आली. 'सालात वाचलेली आपली आवडती पुस्तके, विशेषेकरून ऐतिहासिक कादंबऱ्या.' खाली पाच रेघा. म्हणाली, "आजी, तुम्ही जुन्या सभासद, भरून द्या की." मी म्हटलं, यंदा माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, यंदाचं काय भरू? तर म्हणे, कुठल्याही सालाचं चालेल. मग हे त्या सालाचं. पाच रेघांत बसत नाही, म्हणून वही घेतली.

त्या साली गावात उंदीर पडायला लागले. पहिल्यांदा धान्याच्या अड्ड्यात, मग आमच्या पेठेत. माणसांना ताप यायचा, काखेत नाहीतर जांघेत गाठ उठायची आणि चौथ्या दिवशी माणूस संपायचं. दरबाराचा हुकूम आला की घरं सोडा. घरांवरची कौलं उतरवून आत ऊन सोडलं आणि सगळं गाव माळावर येऊन पडलं. बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या, ओळीच्या ओळी. येताना लोकांनी भांडी आणली, देव आणले, एकानं दाराची चौकट काढून आणली. आबांनी गिऱ्हाइकांची पुस्तकं आणली. आत्या भांडली, "अरं म्हाद्या, पाटा-वरवंटा ऱ्हायला की घरात!" आबा म्हणाले, "पाटा आपला हाय. पुस्तकं लोकाची हायत."

त्यात शाहूपुरीतल्या एका शेटजींचा गठ्ठा होता. जैन माणूस, गुळाचा व्यापार, आणि नाद ऐतिहासिक कादंबऱ्यांचा. पुण्या-मुंबईहून भागाभागानं येणाऱ्या कादंबऱ्या ते साल संपलं की आमच्याकडं बांधायला टाकत. त्या साली तीन कादंबऱ्या टाकल्या आणि स्वतः पेठ वडगावला आपल्या माणसांकडं निघून गेले.

तेव्हा माझी त्या सालची पुस्तकं तीन. नावं सांगता येत नाहीत, कारण मुखपृष्ठं सगळ्यात शेवटी लागतात आणि तोपर्यंत ती वेगळी बांधून ठेवलेली असतात. पहिलीत एक राजकन्या पुरुषाचा वेष करून लढाईवर जाते आणि साडेतीनशे पानं तिला कुणी ओळखत नाही. आत्या म्हणाली, "आंघूळ करत न्हवती काय ती?" दुसरीत एक फितूर सरदार होता, तो मला सगळ्यांत आवडला, कारण काही घडलं तर त्याच्यामुळंच घडायचं. बाकीचे नुसती भाषणं करायचे. तिसरीत एका किल्ल्याला वेढा पडलेला, किल्लेदार मेलेला आणि त्याची बायको किल्ला धरून बसलेली. लेखकानं सगळ्या बायकांना चंद्रासारखं तोंड दिलं होतं. वेढ्यात पाणी नसताना तोंड चंद्रासारखं कसं राहतं ते लिहिलं नव्हतं.

माळावर दुपारी काम नसायचं. मी मोठ्यानं वाचू लागले, आणि तिथंच घोटाळा झाला. आत्यानं जन्मात मोठ्यानं वाचलेलं जे काही ऐकलं होतं, ती पोथी होती. तिच्या लेखी मोठ्यानं वाचतात ती पोथीच. तिनं पाट मांडला, कादंबरीला हळदकुंकू लावलं, मला आंघोळ करून वाचायला बसवायची आणि रोज विचारायची, "आज कितवा अध्याय?" अध्याय संपेपर्यंत कुणाला पाणी नाही. वाचून झालं की गुळाचा खडा. मी दोनदा सांगून बघितलं की ही कादंबरी आहे. ती म्हणाली, "आसंल. तेचं नाव कादंबरी, आपल्याला काय."

दुसऱ्या पुस्तकात म्हातारा सेनापती मारला गेला त्या दिवशी तिनं आमटीला फोडणी घातली नाही. आबा जेवायला बसले, एक भुरका मारला आणि म्हणाले, "फोडणी कुठं हाय?"

"सुतक हाय."

"कुणाचं?"

"शेनापतीचं."

"गोदे, आगं तो छापल्याला हाय!"

"छापल्याला आसला म्हून काय झालं? मेला न्हवं?"

तीन दिवस आम्ही बिनफोडणीचं खाल्लं. ऐतिहासिक कादंबरीत माणसं फार मरतात. त्या महिन्यात आमचं तेल बरंच वाचलं.

शेजारच्या झोपडीत अत्तारांची फातमाकाकी. तिचा नवरा अत्तराची पेटी घेऊन शाहूवाडीकडं गेला तो प्लेग संपेपर्यंत परतला नाही. डोंगरात भात लावणाऱ्या माणसांना अत्तर काय करायचं, पण तिकडं उंदीर पडत नव्हते. काकी रोज दुपारी चिंचा फोडत आमच्या दाराशी ऐकायला बसायची. तिचा एकच आक्षेप होता. "काय गं तान्ये, तुज्या पोथीतला खान एकदा बी सरळ कसा वागत न्हाय?"

"लिहिणाऱ्यानं तसं लिहिलंय काकी."

"त्यो काय खानाच्या घरी जेवल्याला हाय काय? माजा भाऊ खान हाय. कोंबडी कापायची म्हटली तर चक्कर येती त्येला."

ह्या काकीनंच आम्हा दोघींना टोचणीच्या रांगेत ओढून नेलं होतं. टोचून घेतलं की प्लेग होत नाही किंवा झाला तरी हलका होतो, असं सरकारी डॉक्टर सांगायचे. लोक म्हणायचे, टोचलं की धर्म बुडतो, मूल होत नाही, हात गळून पडतो. काकी आत्याला म्हणाली, "मेल्यावर टोचून घेणार हायस काय? चल मुकाट्यानं." तिघींनी घेतलं. दोन दिवस दंड सुजून तांब्याएवढे झाले. ते सुजलेले दंड बघून आबा म्हणाले, "हाताला सूज आली तर दाभण कसा धरू?" आणि गेलेच नाहीत.

तिसरं पुस्तक संपत आलं आणि आबांनी फर्मे मोजले. सतरा होते, अठरावा नव्हता. शेवटचा भाग टपालानं यायचा राहिला होता. सतराव्याचं शेवटचं वाक्य अर्धंच होतं. किल्लेदारणीनं 'दरवाजाच्या अडसराला हात घातला आणि', बस्स, पुढं पुठ्ठ्याला आतून चिकटवायचा अस्तराचा कोरा कागद. मला वाईट वाटलं, तेवढंच. पण आत्या हबकली. अर्धी पोथी घरात ठेवली की विघ्न येतं, हे तिला पक्कं ठाऊक. आणि सभोवार विघ्नाला तोटा नव्हता. पलीकडच्या ओळीत रोज एक झोपडी रिकामी होत होती. ती आबांच्या मागं लागली. शेटजींच्या दुकानात टपाल आलं असेल, जाऊन बघ. आबा म्हणाले, बंदी आहे. ती म्हणाली, "पोरीनं वाचाय घेतलीया. पोरीवर आलं म्हंजे?" चार दिवस हेच. तोवर शेवट लांबवायचा म्हणून ती मला रोज मागलीच पानं पुन्हा वाचायला लावी. पाचव्या दिवशी सकाळी आबांनी डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि शाहूपुरीकडं निघाले. त्याच दिवशी आत्याला गाठ उठली.

तर मी वाचत बसले होते. पंधरा-वीस पानं झाली असतील. फातमाकाकी चिंचा भरलेलं सूप घेऊन आली आणि दारातच थांबली. आत्याचं तोंड लाल झालं होतं, डोळे अर्धे मिटलेले.

"हिला काय झालं गं?"

"गाठ उठलीया."

"आन् तू वाचत बसलीस?"

"तिनंच सांगितलं. मी काय वाचत न्हाय, तू तरी वाच म्हणाली."

काकीनं कपाळाला हात लावला. "आगं खुळे, जीव वाचीव म्हणाली आसंल ती! लांब व्हय म्हणाली!"

मी आत्याला हाक मारली. "आत्या, कसलं वाच म्हणालीस गं? पोथी का जीव?" तिनं डोळे न उघडता सांगितलं, "मधीच सोडू नगंस." ह्याचा अर्थ पोथी सोडू नकोस की मला सोडू नकोस, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. पुढं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी आसं काय बोललेच न्हाय."

काकी जाऊन माळावरच्या शिपायाला सांगून आली. डॉक्टर येणार, आणि गाडीतनं आत्याला दवाखान्याच्या झोपडीत नेणार. तिथं गेलेली माणसं आम्ही परत आलेली पाहिली नव्हती. गाडी यायच्या आत पोथी पुरी झाली नाही तर आत्या ती अर्धी घेऊनच जाणार. मी भराभरा वाचायला लागले. काकीनं तिच्या कपाळावर ओली चिंधी ठेवली आणि ती तिथंच बसली. मी अडसराशी पोचले. 'दरवाजाच्या अडसराला हात घातला आणि.' पान उलटलं. कोरा कागद.

"मग?" आत्या म्हणाली. "दार उघाडलं?"

मी कोऱ्या कागदाकडं बघितलं आणि वाचलं, "दार उघडले." लेखकासारखी भाषा मला येत होती. सतरा फर्मे तेच वाचत होते. "दार उघडले, आणि समोर पाहते तो खान एकटाच उभा."

काकीनं मान वर केली. "एकटाच?"

"एकटाच. निःशस्त्र. आणि तो म्हणाला, बाईसाहेब..." इथं मी अडकले. माझ्या हातात किल्लाभर माणसं होती, आणि त्यांतलं एक जरी मेलं तरी सुतक. आत्याला त्या दिवशी सुतक झेपणारं नव्हतं.

"म्हणाला आसंल, तुमच्याकडं दुखणं हाय म्हून कळलं," काकी हळूच म्हणाली. "म्हणाला आसंल, हकीम आणलाय."

"बाईसाहेब, आपल्या गडावर दुखणे आहे असे कळले. मी माझा हकीम आणिला आहे. हा वेढा आम्ही उठवितो." मी वाचलं. हकिमानं औषध दिलं. गडावरची सगळी माणसं उठून बसली. पाणी वर आलं. खान माघारी वळला, जाताना त्यानं बाईला बहीण म्हटलं आणि तिनं त्याला भाकरी बांधून दिली. मी कुणालाही मारलं नाही. घोडासुद्धा नाही. एवढी बेचव कादंबरी मराठीत झाली नसेल. शेवटी मी "समाप्त" म्हटलं आणि मान वर केली, तर आबा दाराबाहेर उभे.

ते किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कोरा कागद ओळखता येत होता. तो अस्तराचा कागद त्यांनीच कापला होता. त्यांचा उजवा हात बंडीत होता. ते आत आले नाहीत. "झाली पुरी?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "झाली. लई चांगली झाली. गुळाचा खडा द्या समद्यास्नी." मग बैलगाडी आली आणि तिला घेऊन गेली.

आठ दिवसांनी झोपडी मोडताना तट्ट्याच्या फटीत खोचलेला फर्मा सापडला. पायाशी आकडा अठरा. आबांनी शाहूपुरीतनं तो आणला होता आणि मला दिला नाही. त्यांना आत काय लिहिलंय ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. एवढंच कळलं असावं, की पोथी पुरी झालेली आहे आणि आता ह्याचा उपयोग नाही. मी तिथंच उभ्यानं वाचला. दार उघडतं, खान बाहेर फौज घेऊनच असतो, बाई अग्नीत उडी घेते आणि शिल्लक राहिलेले सगळे तीन पानांत मरतात. शेटजी परत आल्यावर मी तो फर्मा शिवून, पुठ्ठा घालून पुस्तक त्यांना पोचतं केलं. त्यांचं होतं ते. शिवताना आत्यानं विचारलं, "ह्यात काय हाय गं?" मी सांगितलं, "जाहिराती."

हो, शिवताना आत्या होती. तिची गाठ फुटली, पू गेला, सतराव्या दिवशी ती काठी टेकत माळावर, आमच्या नव्या झोपडीत आली आणि आल्या आल्या खळीचं भांडं नीट घासलं नाही म्हणून मला ओरडली. ती पुढं एकतीस वर्षं जगली आणि भेटेल त्याला ती खानाची पोथी सांगत राहिली. नंतर एकदा हे वाचनालयातल्या एका मास्तरांच्या कानावर गेलं. त्यांनी मला विचारलं, ही कुठली कादंबरी, ह्यात इतिहासाचा विपर्यास आहे. मी म्हटलं, असेल. विपर्यास केल्याबद्दल मला कुणी बोलावून सत्कार केला नाही, तेवढं बरं झालं.

आत्याचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, की पोथी पुरी झाली म्हणून आतल्या वाचल्या. बाहेर उभं राहून ऐकलं त्याला फळ मिळालं नाही. मी तिला कधी सांगितलं नाही, पण इथं लिहिते. उंदरांना खळ आवडते. घरातल्या पुस्तकांच्या पाठी ते कुरतडत असत, आणि उंदरांच्या पिसवांतनं प्लेग येतो हे आम्हाला फार मागाहून कळलं. मोरचुदानं कीड मरते, पिसू मरत नाही. पुस्तकं माणसाला काय काय देतात ह्यावर वाचनालयात दर साली भाषण होतं, मी पुढच्या रांगेत बसून ऐकते. आमच्या झोपडीत प्लेग पुस्तकांच्या गठ्ठ्यातनं आला की आबांनी शाहूपुरीतनं आणला, हे आता कोण सांगणार. आत्यानं पाठवलं, आबा गेले, आणि पोथी मी वाचायला घेतली होती. टोचणी आम्ही तिघींनी घेतली होती. आबांनी घेतली नव्हती. शाहूपुरीतनं आल्यावर चौथ्या दिवशी त्यांना ताप आला, सहाव्या दिवशी दाभण धरायच्या हाताच्या काखेत गाठ उठली.

त्या साली आमच्या ओळीतनं फातमाकाकी वाचली, गोदूआत्या वाचली, मी वाचले. आबा वाचले नाहीत.